बाप बदलून पाहू

"थांबा. आता बाप बदलून पाहू."

चष्मा काढायचा, पदराच्या टोकानं पुसायचा, पुन्हा नाकावर चढवायचा आणि मग हे वाक्य बोलायचं. आमच्या मॅडमच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. नव्यानं रुजू झालेल्या एका सिस्टरच्या हातातला ट्रे खाली पडला होता. बाहेर येऊन तिनं मला हळूच विचारलं, "मॅडम असं काय बोलतात हो?" मी म्हटलं, "थोडे दिवस थांबा. तुमच्याही तोंडात बसेल."

मी सरकारी ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे काढतो. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल सांगणार आहे ती माणसं अजून तिथंच राहतात आणि मलाही तिथंच नोकरी करायची आहे. बुलढाण्याहून धाडकडे जाणाऱ्या एसटीत बसलात की आमच्या बाजूला आलात, एवढं समजलं तरी पुरे. आमच्याकडे एक्स-रेला कोणी एक्स-रे म्हणत नाही. "फोटू काढायचा हाय" म्हणतात. त्यामुळं मी फोटोवाला.

फोटोवाल्याकडे लेकरं फार येतात. तुम्हीही पाहिलं असेल, लेकरं सारखी पडत असतात. चिंचेवरून पडतात, ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून पडतात, काही कारण नसताना सपाट अंगणात पडतात. पण काही लेकरं पडत नाहीत, त्यांना मारलेलं असतं. आणि वाईट गोष्ट अशी, की दोघांचा फोटो कधीकधी अगदी सारखा येतो. मग कोणीतरी ठरवावं लागतं. ते ठरवण्याचं काम मॅडमचं.

मॅडम आमच्या डॉक्टर, मूळच्या साखरखेर्ड्याच्या बाजूच्या. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या. आवाज असा, की ओपीडीत बोलल्या तर फाटकाबाहेरचा चहावाला उत्तर द्यायचा. स्कूटीला एकच आरसा, तोही आभाळाकडे वळलेला. चष्मा कपाळावर सरकवून तोच चष्मा टेबलाखाली वाकून शोधणार. पालीला इतक्या घाबरायच्या, की एकदा तपासणी अर्धी सोडून खुर्चीवर उभ्या राहिल्या आणि तिथूनच पेशंटला म्हणाल्या, "जीभ दाखवा."

टेबलाच्या खणात त्यांचा एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात फुटाणे. लेकरू आलं की आधी डबा उघडायचा. "आधी खाऊ, मंग बोलू." आईबाप घाबरलेले असायचे, घाईत असायचे, कधी रागात असायचे, मॅडम त्यांच्याकडे बघायच्याच नाहीत. लेकरू फुटाणे कसं घेतं, कोणाच्या अंगाला चिकटतं, कोणापासून लांब सरकतं, हे बघत बसायच्या. मला हे फार उशिरा कळलं. आधी मला वाटायचं, बाईंना स्वतःला भूक लागते.

मी तापट माणूस. फोटो हातात आला की निकाल तयार. बाप फाटका दिसला, तोंडाला वास आला, की मी म्हणणार, "मॅडम, यानंच हाणलं असन." मॅडम म्हणायच्या, "भाऊ, तुम्ही फोटो हाडाचा काढता का कपड्याचा?"

एकदा वीटभट्टीवरचं एक कुटुंब आलं. तान्ह्या मुलीला ताप होता आणि पोटावर गोल गोल काळे डाग. बिडीनं चटके दिल्यासारखे. डाग बघितले आणि सगळं रुग्णालय पेटलं. आमचा वॉर्डबॉय तर बाही सावरून त्या बापाच्या अंगावर जायला निघाला. बाप हात जोडून भिंतीला टेकलेला. आता एवढा घाबरलाय म्हणजे केलंच असणार, असं आम्हाला वाटलं.

मॅडमनी चष्मा पुसला. "थांबा. आता बाप बदलून पाहू. हेच लेकरू बँकेच्या मॅनेजरचं असतं, तर तुम्ही काय केलं असतं, भाऊ?"

मी जरा विचार करून म्हटलं, "विचारलं असतं, साहेब, हे कशानं झालं म्हणून."

"मंग याले काऊन नाही विचारलं कोणी?"

विचारलं. निघालं काय, तर बिब्बा. लेकरू पोट दुखून रडत होतं म्हणून आजीनं बिब्ब्याचं तेल लावलं आणि ते उतून कातडी पोळली. चटके नाहीत, बिडी नाही. आम्ही सगळे आपापल्या कामाला लागलो. मॅडम मात्र त्या आजीला बोलावून तासभर अशा झापत होत्या, की बिडीचा आळ बरा असं त्या बापाला वाटलं असेल. "मारलं नाही म्हंजे चांगलं केलं असं नाही वं माय! लेकराची कातडी हाय, बैलाची नाही." आणि मग त्याच आजीला मूठभर फुटाणे.

उलटंही व्हायचं. आमच्याकडे खताबियाण्यांचं मोठं दुकान असलेले एक गृहस्थ आहेत. गाडीतून आले, बरोबर सात-आठ वर्षांचा मुलगा. कान सुजून काळानिळा झालेला, दंडावर लांब वळ. जिन्यावरून पडला म्हणाले. कोणीतरी धावत खुर्ची आणली. कोणीतरी बाहेर चहा सांगितला. मीही पंखा त्यांच्याकडे वळवला, खोटं कशाला बोलू.

मॅडमनी मुलापुढं डबा धरला, मुलाकडे बघितलं आणि मग चष्मा काढला.

"भाऊ, बाप बदलून पाहू. याच्या जागी भट्टीवरचा असता तर काय बोलावलं असतं?"

"पोलीस," मी म्हटलं.

"मंग चहा काऊन बोलावला?"

चहा आलेला होता. तो मॅडमनी स्वतः पिऊन टाकला आणि पोलिसांना कळवलं. त्यानंतर आमच्या रुग्णालयात फोनच फोन. हा पुढारी, तो पुढारी. मॅडम रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरायच्या आणि म्हणायच्या, "हाव... हाव... भाऊसाहेब, आवाज येऊन नाही राह्यला, इकडं रेंजच नाही." फोन तारेचा होता. पुढं चौकशी झाली, पट्ट्यानं मारल्याचं निघालं, मुलगा काही दिवस मामाकडे राहिला. त्या गृहस्थांनी मॅडमना पुन्हा कधी नमस्कार केला नाही, आणि मॅडमना ते लक्षातही आलं नाही, कारण चष्मा बहुतेक वेळा कपाळावर.

आता कल्पना सिस्टरबद्दल सांगायला हवं. तिच्यावाचून मॅडमची गोष्ट पुरी होत नाही.

कल्पना आमची सगळ्यांत चांगली सिस्टर. मुलांना इंजेक्शन द्यायचं तर तिनंच. पोरगं रडायला तोंड उघडायचं, तोवर सुई बाहेर. मॅडमचा तिच्यावर जीव. दुपारी दोघी एका टेबलावर डबा खायच्या. कल्पनाच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मॅडमना इतका आवडायचा, की स्वतःच्या डब्यातली पोळी त्या माझ्याकडे सरकवायच्या. कल्पनाचा नवरा चिखलीच्या रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला, तेव्हा तिचा मुलगा वेदू रांगतही नव्हता. सासरच्यांनी हात वर केले, माहेरी कोणी उरलं नव्हतं. एक मोठी बहीण होती, ती सुलतानपूरला, तिच्या संसारात. कल्पना दिवस उरकून पुन्हा कामावर आली. रात्रपाळी करायची, दिवसा लेकरू सांभाळायची. मॅडम म्हणायच्या, "आपल्या दवाखान्यात खरी वाघीण एकच हाय."

वेदू मग दवाखान्यातच वाढला. ज्याला वेळ असेल तो त्याला उचलायचा. मला तो फोटोकाका म्हणायचा. फार गुणी मूल. काही द्या, बिस्कीट द्या, फुटाणे द्या, आधी आईकडे बघणार आणि मगच तोंडात टाकणार. आम्ही सगळे म्हणायचो, काय शहाणं लेकरू आहे, आईनं वळण लावावं तर असं. आमच्या घरची पोरं आम्ही याच्या नावानं रागवायचो.

वेदू तीन वर्षांचा होत आला होता तेव्हा कल्पना त्याला कडेवर घेऊन आली. दंड मोडलेला. "पलंगावरून घसरला, मॅडम. माहा डोळा लागला होता." ती रडत होती. आम्हीही चुकचुकलो. मी फोटो काढला, मॅडमनी प्लास्टर घातलं आणि प्लास्टरवर पेनानं पोपट काढला. तो पोपट कमी आणि कोंबडी जास्त वाटत होता, पण वेदू हसला.

मी सहज, वातावरण हलकं करायला म्हटलं, "मॅडम, आज बाप बदलायचा नाही का?"

मॅडमचे डोळे भरून आले. "बापच नाही ना त्याले, भाऊ. बदलू कोणाचा?"

खोलीतल्या सगळ्यांना गलबलून आलं. कल्पनाला खुर्ची दिली, चहा दिला. विषय संपला.

मग पुढं थंडीत वेदूला खोकला झाला. ताप उतरेना, म्हणून मॅडमनी छातीचा फोटो सांगितला. मी काढला, फिल्म वाळवली आणि मॅडमच्या खोलीत उजेडाच्या पेटीवर लावली. फुप्फुसात थोडा कफ होता, फार काही नव्हतं. मी निघालोच होतो. वळून बघतो तर मॅडम अजून फिल्मसमोर उभ्या. छातीकडे बघत नव्हत्या. पाठीच्या कण्याजवळ, जिथून बरगड्या निघतात तिथं बघत होत्या. एकाखाली एक तीन बरगड्यांवर गाठी आलेल्या होत्या. मोडलेलं हाड जुळताना येतात तशा. त्या जागेवर लेकरू पडून मोडत नाही. दोन्ही हातांनी घट्ट दाबून हलवलं, तर मोडतं.

मॅडमनी चष्मा काढला. पदरानं पुसला. पुन्हा पुसला. मी वाट बघत होतो, पण ते वाक्य आलं नाही.

"भाऊ," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खोलीच्या दाराबाहेर गेला नसेल, "दंड मोडला होता त्या दिवशी आपण कोणाले बदललं होतं?"

"कोणालेच नाही, मॅडम."

"हाव. बाप नव्हता म्हून मी थांबली. माय तर होती ना समोर." मॅडमनी चष्मा नाकावर चढवला. "आता सांगा. भट्टीवरची बाई असती. आधी लेकराचा दंड मोडला, म्हणे पलंगावरून पडला. मंग ह्या बरगड्या. काय केलं असतं आपण?"

एरवी माझा निकाल जिभेवर असतो. मी पेटीचा दिवा बंद केला. मॅडमनी तो पुन्हा लावला.

कल्पनाला बोलावलं. ती वेदूला घेऊन आली. मी जायला निघालो तर मॅडम म्हणाल्या, "थांबा भाऊ. मले एकटीले जमणार नाही." त्यांनी खण उघडला, डबा काढला, वेदूपुढं धरला. "आधी खाऊ, मंग बोलू."

वेदूनं एक फुटाणा उचलला आणि आईकडे बघितलं. आम्ही हे शंभरदा पाहिलं होतं. त्या दिवशी मॅडमच्या शेजारी उभं राहून बघितल्यावर मला दिसलं, की तो आईच्या तोंडाकडे बघत नव्हता. आईच्या हाताकडे बघत होता. दुसरा फुटाणा घेतला, पुन्हा हाताकडे. आम्ही ज्याला वळण म्हणत होतो ते हे होतं.

"कल्पना, बरगड्या कशानं मोडल्या याच्या?"

"खोकल्यानं झालं असन, मॅडम."

"तू नर्स हायेस, माय."

ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही मले ओळखता ना?"

"हाव," मॅडम म्हणाल्या. "तिथंच तर चुकलं माहं."

त्यानंतर कल्पना जी खाली बसली ती फरशीवरच. म्हणत होती, "झोपू देत नाही हो मॅडम मले. रातभर ड्युटी, दिवसभर याचं रडणं. मी म्हणते फक्त चूप बस, फक्त चूप बस. मंग मले समजतच नाही मी काय करून राह्यली ते." वेदू तिच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि तिचे डोळे पुसायला लागला. मी भिंतीकडे तोंड केलं.

मॅडम खाली बसल्या. त्या वजनानं खाली बसणं त्यांना सोपं नव्हतं. कल्पनाला त्यांनी कुशीत घेतलं, तिला रडू दिलं, तिच्या केसांवरून हात फिरवला. आणि मग, मला वाटलं आता त्या म्हणतील, जाऊ दे, पुन्हा असं करू नको, आम्ही सांभाळू. मी मनातून तेच मागत होतो. त्या म्हणाल्या, "कल्पना, मी आता फोन करते. तुह्या समोर करते, मागं नाही. मले तुही कीव येऊन राह्यली, लय येऊन राह्यली. पण माह्या किवेनं त्या लेकराची बरगडी वाचणार नाही."

एक हात कल्पनाच्या पाठीवर ठेवून त्यांनी दुसऱ्या हातानं नंबर लावला. त्या वेळी मात्र आवाज स्वच्छ येत होता.

बाल कल्याण समितीची माणसं आली, पोलीस आले. वेदूला सुलतानपूरला मावशीकडे ठेवायचं ठरलं. कल्पनाला घरी बसवलं. जीपमध्ये बसताना वेदूनं माझ्याकडे बघून हात हलवला, "फोटोकाका, टाटा." त्याला वाटलं फिरायला चाललोय.

आणि मग सगळा दवाखाना मॅडमवर उलटला. बाहेरचे सोडले आणि आपलीच धरली, म्हणे. विधवा बाईच्या पोटावर पाय दिला, म्हणे. भट्टीवाल्याच्या अंगावर बाही सावरून गेलेला वॉर्डबॉय तर सगळ्यांत पुढं. मॅडमच्या टेबलावरचा चहा बंद झाला. स्कूटीची हवा जायला लागली. दुपारी सगळ्यांचे डबे मागच्या खोलीत उघडायचे आणि मॅडम ओपीडीत बसून फुटाणे खायच्या. मलाही राग आला होता, पण कोणाचा ते कळत नव्हतं. बहुतेक त्या फिल्मचा. मी ती पाहिली नसती, तर मीही मागच्या खोलीत बसलो असतो. पाहिली होती, म्हणून डबा घेऊन ओपीडीत गेलो. मॅडमनी माझी मेथीची भाजी खाल्ली आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय." माझ्या बायकोला हे मी आजवर सांगितलेलं नाही.

त्याच दिवसांत मी त्यांना विचारलं, "मॅडम, एवढं काऊन लावून घेता? दुसरा कोणी डॉक्टर असता तर खोकला लिहून मोकळा झाला असता."

त्या बराच वेळ डब्याचं झाकण उघडत-लावत राहिल्या. "माहा बाप मास्तर होता, भाऊ. गावात देवमाणूस. लोक अजूनही फोटोले हार घालतात. माहा भाऊ एका कानानं ऐकत नाही. सगळ्या गावानं पाह्यलं, डॉक्टरनंही पाह्यलं. पण आमच्या घरी कोणी बाप बदलून पाह्यला नाही."

एवढंच बोलल्या. मग पुढच्या पेशंटला हाक मारली, नेहमीच्या आवाजात.

आता तुम्ही म्हणाल, तक्रार केली, संपलं. मॅडमचं संपत नसे. कल्पनाला बुलढाण्याला समुपदेशनाला जायला सांगितलं होतं. पहिल्या खेपेला ती गेलीच नाही. दुसऱ्या खेपेला मॅडम सकाळीच स्टँडवर जाऊन उभ्या राहिल्या, रजा टाकून. कल्पना त्यांना बघून मागं फिरली नाही, पण बोललीही नाही. दोघी एकाच एसटीत चढल्या आणि वेगवेगळ्या सीटवर बसल्या. मॅडम पुढं, कल्पना पार मागं. येतानाही तसंच. महिनोन्महिने हे चाललं. स्टँड फाटकासमोरच, त्यामुळं आमच्या चहावाल्याला ही मोठी करमणूक होती, तो मला दर खेपेला सांगायचा, "आज बी अबोला हाय, साहेब." मग एकदा बाजाराच्या दिवशी गाडी इतकी भरली, की कंडक्टरनं दोघींना एका सीटवर कोंबलं. त्या दिवशी काय बोलणं झालं मला माहीत नाही. पण पुढच्या खेपेला गाडी रिकामी होती आणि दोघी एकाच सीटवर होत्या, असं चहावाला म्हणाला. मॅडमच्या मांडीवर डबा होता. कळण्याच्या भाकरीचा वास आला, असंही म्हणाला, पण तो जरा वाढवून सांगतो.

कल्पनाला पुन्हा कामावर घेताना रात्रपाळी नको, यासाठी मॅडम वरच्या साहेबांशी इतक्या भांडल्या, की साहेबांनीच फोनवर "आवाज येत नाही" म्हणायला सुरुवात केली. आधी वेदू मावशीबरोबर भेटायला यायचा, मग दोन दिवस राहायला, मग समितीच्या देखरेखीखाली घरी. पुष्कळ काळ गेला त्यात. मॅडमची घाई नव्हती. वेदू आला की त्या डबा पुढं करायच्या आणि गप्प बसून बघायच्या.

त्यांचं वाक्यही बदललं. आता चष्मा पुसून त्या म्हणायच्या, "थांबा. माणूस बदलून पाहू." पूर्वीची गंमत त्यात नव्हती. नव्या सिस्टरांच्या हातून ट्रे पडेनासे झाले.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा शाल-श्रीफळ झालं. भाषणं चालू असताना त्यांना भिंतीवर पाल दिसली आणि सत्कारमूर्ती मांडवाबाहेर. पुढं त्या मुलीकडे नाशिकला गेल्या. अधूनमधून फोन यायचा, "भाऊ, डब्यात फुटाणे हायेत ना?" मी म्हणायचो, हाव. मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. आमच्यापैकी कोणाला जाता आलं नाही. कल्पनानं त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही.

आता मॅडमच्या खुर्चीवर एक तरुण डॉक्टर बसतात. हुशार आहेत, गोड बोलतात. मागच्या महिन्यात कल्पना वेदूला घेऊन आली. वेदू आता मिसरूड फुटायच्या बेतात आहे. क्रिकेट खेळताना पडला, मनगट सुजलेलं. मी फोटो काढला. हाडाला बारीकशी चीर. पडल्यावर जाते तशीच.

डॉक्टर हसून म्हणाले, "खेळताना पडला ना, सिस्टर? ठीक आहे. प्लास्टर घालून टाकू."

कल्पना दाराशीच उभी राहिली. "सर, तसं नका लिहू. आधी मले बाहेर पाठवा आन त्याले एकट्याले विचारा."

"अहो सिस्टर, तुम्हाला काय ओळखत नाही का मी?"

"म्हूनच म्हणते, सर. माणूस बदलून पाहा."

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कल्पना बाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि व्हरांड्यातल्या बाकावर, जिथं पेशंटचे आईबाप बसतात तिथं जाऊन बसली. जाळीच्या खिडकीतून मला दिसत होती. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती वाट बघत होती.

मी खण उघडला, डबा काढला, वेदूपुढं धरला. त्यानं चांगल्या हातानं मूठभर फुटाणे उचलले, कोणाकडेही न बघता तोंडात कोंबले, आणि कॅच कसा सुटला ते तोंड भरलेलं असतानाच सांगायला लागला.